खाली नसलेला ताल

सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर एक बाहुला उताणा पडला आहे. कमरेपर्यंतचाच, हात नाहीत, पाय नाहीत, तोंड किंचित उघडं. रविवारची सकाळ, साडेनऊ. कोपऱ्यातल्या टेबलावर उपम्याचं पातेलं झाकून ठेवलंय आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडे आहे. तुमच्या आधी चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी बाहुल्याची छाती दाबली तेव्हा आतून टक, टक असा आवाज येत होता. पुरेसं खोल गेलं की तो येतो, असं शिकवायला आलेल्या मुलीनं सांगितलंय. निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. सीपीआर म्हणजे एवढंच, बाकी धीर.

तुमचा नंबर येतो. गुडघे टेकताना कुरकुरतात. आठव्या वर्षापासून तबल्यासमोर मांडी घालून बसलेले गुडघे आहेत ते, उगाच कुरकुरत नाहीत.

"काका, लय सुटू नये म्हणून गाणं लावते हं," ती म्हणते आणि मोबाइल स्पीकरला जोडते.

लय सुटू नये म्हणून. तुमची. तुम्ही काही बोलत नाही. गिटारच्या पहिल्या दोन वळशांतच तुम्ही गाणं ओळखता. बी जीजचं 'स्टेइन' अलाइव्ह'. पांढरा सूट, कमरेवर एक हात, दुसरा आकाशाकडे, पायाखाली लुकलुकणाऱ्या फरश्या; सगळा देखावा डोळ्यांपुढून सरकतो आणि तुमचा चेहरा कारल्याच्या रसाचा घोट घेतल्यासारखा होतो.

"हेच का?"

"हेच, काका. याचा स्पीड बरोबर बसतो. 103-104."

त्यामागे अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या पिओरिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात 2008 साली दहा डॉक्टर आणि पाच विद्यार्थी घेऊन हे गाणं लावून बघितलं गेलं होतं. पंधरा माणसं म्हणजे काही फार नव्हेत, पण गाणं तिथून जे चिकटलं ते चिकटलं.

तुमचे आक्षेप तयार आहेत, चाळीस वर्षं घोटलेले. हा ठेका माणसाचा नाही, यंत्राचा आहे. त्याला खाली, म्हणजे आवर्तनातली रिकामी मात्रा, नाही. आणि तो गाणारा बाप्या शेपटीवर पाय पडल्यासारखा का ओरडतो? पण एक अडचण आहे. हे गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्ही एकदाही ऐकलेलं नाही. तुमचे वडील जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. आरोपीला न ऐकता निकाल दिलेला त्यांना घरातसुद्धा चालत नसे, मग भांडण लाडवाचं का असेना.

तेव्हा हात बाहुल्याच्या छातीवर तसेच राहू द्या. कोपर वाकवू नका. पहिला दाब.

टक.

गाणं जिथे जन्मलं तिथे पोचायचं होतं, पण जरा चुकलंच. तुम्ही पुण्यातच आहात, फक्त साल 1983. अनंत चतुर्दशी, लक्ष्मी रस्ता. तुम्ही वीस वर्षांचे, क्लासच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत. खाली एक ब्रास बँड मिथुनच्या 'डिस्को डान्सर'मधलं गाणं वाजवतोय, क्लॅरिनेट भलतीकडे, ढोल तिसरीकडे, आणि गुलालात माखलेली पोरं हवेत बोटं नाचवतायत. मागून गुरुजी येतात, खिडकी ओढून घेतात, कडी लावतात. "ज्यात खाली नाही तो ताल नव्हे," ते म्हणतात. "हातोडा."

हे वाक्य तुम्ही त्यानंतर किती जणांना ऐकवलंत? लग्नात, मुलाच्या मित्रांना, एकदा तर रिक्षावाल्यालाही. दर वेळी स्वतःचं म्हणून. पण खिडकीतून तुम्ही जे ऐकलंत तो नकलेचा बँडनं केलेला अवतार होता. डिस्को आपल्याकडे बऱ्यापैकी सरळ वाटेनंही आला होता. 1980 च्या 'कुर्बानी'त नाझिया हसनकडून गाऊन घेणारा बिड्डू मूळचा बंगळुरूचा, पण धंदा लंडनला मांडलेला, कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग'ही त्याच्याच हातचं. तरी मिरवणुकीतल्या क्लॅरिनेटवरून मूळ गाण्याला फाशी देणं वडिलांना चाललं नसतं. अजून मागे जायला हवं.

टक.

थंडी. दगडी भिंतींतून झिरपणारी. 1977 सालाचे सुरुवातीचे महिने, पॅरिसच्या उत्तरेला तासाभरावरचं एरूव्हील नावाचं गाव आणि गावातला जुना शातो, म्हणजे आपल्या भाषेत वाडा, पण गढीच्या ऐसपैस मापाचा. व्हॅन गॉगची कबर आहे ते ओव्हेर इथून जवळच. मिशेल मान्य नावाच्या संगीतकारानं 1962 मध्ये हा वाडा घेतला आणि पुढे त्यात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला. एल्टन जॉननं 1972 च्या एका अल्बमला या वाड्यावरूनच नाव दिलं. डेव्हिड बोवी गेल्याच वर्षी इथे काम करून गेलाय. आता बी जीज आलेत. तिघे भाऊ: तीस वर्षांचा बॅरी आणि सत्तावीस वर्षांचे जुळे रॉबिन आणि मॉरिस. आयल ऑफ मॅनला जन्म, मँचेस्टरच्या गल्ल्यांत लहानपण, मग ऑस्ट्रेलिया, 1967 मध्ये परत इंग्लंड. नावातले बी आणि जी म्हणजे ब्रदर्स गिब असं पुष्कळांना वाटतं, पण मुळात ती ऑस्ट्रेलियात त्यांना पुढे आणणाऱ्या दोघांची आणि बॅरीची आद्याक्षरं.

ते आलेत एका मैफलीचं मुद्रण मिक्स करायला आणि जमलं तर नव्या गाण्यांना हात घालायला. तेवढ्यात त्यांचा मॅनेजर रॉबर्ट स्टिगवुडचा फोन येतो, एका सिनेमाला गाणी हवीत. पटकथा त्यांनी वाचलेली नाही. 'सॅटर्डे नाइट' नावाचं गाणं करा, असा त्याचा धोशा, आणि त्या नावाची गाणी आधीच ढीगभर आहेत म्हणून यांचा नकार. त्यांच्याकडे 'नाइट फीव्हर' होतं. शेवटी स्टिगवुडनं दोन्ही जोडून सिनेमाचंच नाव 'सॅटर्डे नाइट फीव्हर' करून टाकलं. बारशाचा घोळ आपल्याकडेही असाच मिटतो.

तुम्ही कंट्रोल रूमच्या दारात उभे राहता. आत दोघे सहनिर्माते, आल्बी गॅल्युटेन आणि कार्ल रिचर्डसन. चेहरे पडलेले. ड्रमर डेनिस ब्रायन नाही. घरून वाईट बातमी आली आणि तो गेलाय. गाणं तयार आहे, धरायला ठेका नाही. आसपास दुसरा ड्रमर मिळण्यासारखा नाही. मग ते एक ताल-यंत्र लावून बघतात. टिक-टॅक, टिक-टॅक. दोन मिनिटांत दोघेही मान हलवतात. नाही. मेलेलं वाटतंय.

आणि तुम्ही दारातच थबकता, कारण तुमचा पहिला आक्षेप त्यांनीच तुमच्याआधी घेतलाय.

आता जरा पुढे या आणि नीट बघा, कारण असलं काम हल्ली कुणी हातानं करत नाही. त्यांच्याकडे 'नाइट फीव्हर'चं मुद्रण आहे, डेनिसनं जाण्याआधी वाजवलेलं. त्यातला फक्त ड्रम ते पुन्हा पुन्हा ऐकतात. कुठली आवर्तनं सगळ्यांत सुखाची वाटतात? हे का ते? अखेर दोन बार ठरतात, म्हणजे आठ मात्रा. तेवढा तुकडा वेगळ्या टेपवर उतरतो. रिचर्डसन तो कापतो आणि शेवटाला सुरुवात चिकटवतो. फितीची बांगडी झाली. पण केवढी! आठ मात्रा म्हणजे साडेचार सेकंदांहून थोडं जास्त. टेप सेकंदाला 15 इंच पळत असेल तर जवळपास सहा फूट फीत, 30 इंच पळत असेल तर दुप्पट. एवढी बांगडी मशीनवर राहणार कशी? मग एक मायक्रोफोनचा स्टँड ओढून आणतात, त्याला प्लॅस्टिकचं रीळ अडकवतात आणि फीत मशीनमधून निघून, हवेतून जाऊन, रिळाला वळसा घालून परत मशीनमध्ये, असा मार्ग लावून देतात. चालू करतात.

खोलीत आता एक तपकिरी पट्टा झुलतोय, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतराच्या काठासारखा, फक्त धावणारा. आणि ज्या माणसाला घरी जावं लागलंय तो इथे वाजवतोय. किक, स्नेअर, किक, स्नेअर. सांधा पुढून जातो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुम्ही कान लावून बसता. तिसऱ्या फेरीला कळतं; सांधा नव्हे, दुसरंच काहीतरी. माणसानं वाजवलेल्या आठ मात्रा एकमेकींच्या जुळ्या नसतात. एखादी केसभर मागे, एखादीवर हात जरा जड. यंत्रात हे फरक नसतात. माणूस सलग वाजवतो तेव्हा ते दर वेळी बदलतात. इथे ते आहेत, पण दर आठ मात्रांनी जिथल्या तिथे परत येतात. जुन्या वाड्याच्या जिन्यात एक पायरी जरा उंच असते, पहिल्या दिवशी तिथे ठेच लागते; आठवड्यानं पाय तिथे आपोआप उंच उचलला जातो, अंधारातसुद्धा. या ठेक्याला तशी पायरी आहे.

"पण तेच तेच," तुम्ही पुटपुटता. पावणेपाच मिनिटांच्या गाण्यात तोच तुकडा साठेक वेळा.

बरं. मग आता तुम्हाला एक प्रश्न. लेहरा किती वेळा वाजतो?

अकरा वर्षांचे होतात, आठवतंय? गुरुजींच्या थोरल्या शिष्याचं स्वतंत्र तबलावादन, आणि नेहमीचा पेटीवाला तापानं पडलेला. गुरुजींनी तुम्हाला पेटीवर बसवलं. तीनताल, चंद्रकंसाचा लेहरा, सोळा मात्रा. पाऊण तास तेच. पंधराव्या मिनिटाला बोटं कंटाळली आणि तुम्ही मध्येच एक छोटीशी मुरकी घातलीत. शिष्याचा कायदा तिथेच डगमगला. मैफल संपल्यावर गुरुजी काय म्हणाले ते तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. लेहऱ्याला कुणी यंत्र म्हणत नाही. तो जेवढा जागेवर, तेवढं तबल्याला मोकळं रान. पेशकार असो, रेला असो, चक्रदार असो, कितीही लांब भटकून आलं तरी घर जिथे होतं तिथेच सापडतं.

या खोलीत त्यांनी तेच केलंय, फक्त बाजू उलटी. इथे ताल लेहरा झालाय आणि स्वर भटकतायत. तुमच्या घरात पहाटे पाचला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागतो, तो खर्ज सोडून कधी हलला का? नाही म्हटलं, विषय निघालाच आहे तर.

मुळात ही तात्पुरती सोय होती. डेनिस परत आला की नीट वाजवून घेऊ. पण त्या फितीवर बास चढला, गिटार चढली, आवाज चढले, आणि तो आला तोवर तिला हात लावायची कुणाची हिंमत उरली नव्हती. उरलंसुरलं काम नंतर मायामीत झालं. पुढे हीच फीत वेग बदलून 'मोअर दॅन अ वुमन'ला आणि 1980 मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँडच्या 'वुमन इन लव्ह'लाही वापरली गेली. श्रेयनामावलीत ड्रमर म्हणून त्यांनी गमतीनं बर्नार्ड लूप असं नाव टाकलं. बर्नार्ड पर्डी हा तेव्हाचा नावाजलेला ड्रमर, आणि लूप म्हणजे ही बांगडी. इंग्रजी स्पेलिंग आपण 'लुपे' वाचू आणि गृहस्थ जुन्नरकडचे वाटतील. तिकडेही लोक फसले, या लूपसाहेबांना कामं द्यायला शोधू लागले.

पहिला आरोप मागे. तुम्हाला तो मागे घेताना फार त्रास होतोय असं दिसत नाही, कारण बाकीचे दोन अजून शिल्लक आहेत.

बॅरी माइकपुढे उभा राहतो. दाढी, केसांचा पिसारा, शर्टाची वरची बटणं या थंडीतही उघडी. तोंड उघडतो आणि आवाज येतो तो थेट वरच्या मजल्यावरून. हा आवाज त्याला दोनच वर्षांपूर्वी सापडलाय. 1975 मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, अरिफ मार्दिन हा निर्माता 'नाइट्स ऑन ब्रॉडवे'च्या शेवटाला काहीतरी ओरडणं मागत होता, पण सुरात. बॅरीनं प्रयत्न केला आणि घशातून हे निघालं. तोवर त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं की असं काही आपल्यात आहे.

तुम्ही हरकत घ्यायला तोंड उघडता. मग आठवतं की पुरुषानं चढ्या पट्टीत गाण्याचं वावडं तुम्हाला नाही. तुमच्या आजोबांच्या गप्पांतल्या संगीत नाटकांत पुरुषच शारदा आणि सुभद्रा होते, माइक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं म्हणजे पट्टी चढीच. पण तो आवाज खरा होता, छातीतला, असं तुम्ही म्हणता. आणि हा खोटा. फॉल्सेटो या इटालियन शब्दाचा अर्थही तोच. खरं आहे. इथे तुमचं म्हणणं नोंदवून घेऊ. हा आवाज पुढची तीन मिनिटंही तुम्हाला आवडणार नाही, आणि आवडलाच पाहिजे असा काही नियम नाही. मात्र बाकीचे दोघे येऊन मिसळतात तेव्हा जरा थांबा. सख्ख्या भावांचे गळे एकत्र लागले की एक चमत्कारिक गोष्ट होते, तीन आवाज मोजताच येत नाहीत. ते ऐकून तुमचा उजवा हात मांडीवर मात्रा मोजू लागलाय. राहू द्या, कुणी बघत नाही.

मोजताना तुमच्या लक्षात येतं ते आलंच. एक, दोन, तीन, चार, किक प्रत्येकीवर. चारही भरी. खाली नाही.

टक.

या आरोपासाठी फ्रान्समध्ये थांबून उपयोग नाही, कारण हा गुन्हा इथला नव्हे. 1973, फिलाडेल्फिया, सिग्मा साउंड स्टुडिओ. अर्ल यंग हा कृष्णवर्णीय ड्रमर हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट'साठी पायानं चारही मात्रा सारख्या वाजवतो आणि हाय-हॅट वर उडती ठेवतो. गाणं मूळ संथ जायचं होतं, ते धावायला लागलं. तिथून हा पाय न्यूयॉर्कच्या नाचघरांत गेला, जिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी पोरापोरींना रात्रभर कुणी हटकत नव्हतं. शहरात अशा जागा मोजक्याच.

आता तुम्ही त्या गर्दीत उभे आहात, घामाचा आणि सिगारेटचा वास, आणि तुमच्या डोक्यात गुरुजींचं वाक्य. खाली कशासाठी असते? आवर्तनात आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून. ज्याला मोजता येतं त्याला ती वाट दाखवते. ज्याला येत नाही तो मैफलीत चुकीच्या जागी 'वाहवा' म्हणतो आणि तुम्ही सगळे मागे वळून त्याच्याकडे बघता. इथे मागे वळून बघायला कुणाला फुरसत नाही. सम प्रत्येक मात्रेवर आहे. दारातून आत शिरणारा कुठूनही उडी मारू शकतो. वारीत चालताना टाळ पडतात तेव्हा खाली कुठे, म्हणून कुणी वाखरीत खोळंबत नाही.

हे गुरुजींना पटलं नसतं. तुम्हालाही अर्धंच पटलंय.

ब्रुकलिनला, म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीपाशी, आपण फार थांबणार नाही, तुम्ही ते पाहिलंय, निदान फोटोत. वरून लोकल जाणारा लोखंडी पूल, खाली 86 वा रस्ता, आणि रंगाच्या डब्याला झोके देत चाललेला जॉन ट्रॅव्होल्टा. दुकानात नोकरी करणारा पोरगा, गिऱ्हाइकाचा रंग पोचवायचाय आणि चाल मात्र संस्थानिकाची. पिझ्झाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खातो, वडापाव खाताना आपण दुसरा वडा आत सरकवतो तसं. ज्या लेखावरून सिनेमा निघाला तो निक कोहननं 1976 मध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात लिहिला होता आणि वीसेक वर्षांनी त्यानंच कबूल केलं की त्यातला बराचसा भाग मनचा होता. पण गाणं मनचं वाटत नाही. शब्दांकडे तुम्ही कधी गेलाच नव्हता ना? जा. दोन वर्षांपूर्वी हे शहर दिवाळखोरीच्या दारात होतं. याच 1977 च्या जुलैत सगळे दिवे गेले आणि रात्रभर दुकानं फुटली. गाण्यातला माणूस नाचायला चाललेला नाही, तो टिकून राहायला चाललाय. छाती फुगवून बढाई मारतो खरा, पण मध्येच त्याचं सगळं अवसान गळतं आणि तो चक्क मदतीला हाक मारतो, आयुष्य कुठेच जात नाहीये म्हणतो. मग पुन्हा ठेका, पुन्हा ऐट. इतकी वर्षं तुम्ही ज्याला थिल्लर आनंदाचं गाणं म्हणत होतात ते घाबरलेल्या माणसाचं निघालं.

टक.

12 जुलै 1979, शिकागो, कॉमिस्की पार्क. बेसबॉलचं मैदान. इथे मात्र तुम्ही स्वतःहून आला असतात. व्हाइट सॉक्स विरुद्ध डेट्रॉइट टायगर्स, एकाच तिकिटात दोन सामने, आणि फोडायला डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन आलात तर प्रवेश 98 सेंट. मध्यंतरात स्टीव्ह डाल हा रेडिओ निवेदक तो सगळा ढीग सुरुंगानं उडवणार आहे. त्याच्या आधीच्या रेडिओ स्टेशननं डिस्को धरला आणि त्याची नोकरी गेली, त्याचा राग. लष्करी हेल्मेट घालून तो जीपमधून येतो. स्टँडमध्ये पन्नासेक हजार माणसं एका सुरात डिस्कोला शिव्या घालतायत.

खरं सांगा, बरं वाटतंय ना? चाळीस वर्षं एकट्यानं केलेली तक्रार पन्नास हजार तोंडांतून ऐकायला मिळतेय. आणि त्यांची एक बाजूही आहे. 1978 मध्ये या सिनेमाचा अल्बम सलग 24 आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. हे गाणं स्वतः चार आठवडे. श्रीखंडसुद्धा सहा महिने रोज वाढलं तर पानावरून उठावंसं वाटेल.

तुमच्या हातातही एक तबकडी आहे. तीच. पांढऱ्या सुटातला ट्रॅव्होल्टा, वर तिघे भाऊ. आजूबाजूची पोरं आपापल्या तबकड्या चकतीसारख्या भिरकावतायत. त्या हवेत गरगरत जातात आणि हिरवळीत कडेवर रुततात. फेका ना तुम्हीही.

हात उठत नाही. घरी रेकॉर्डला चुकून पाय लागला तर तुम्ही तिला नमस्कार करता. मखमलीच्या फडक्यानं पुसता, आतून बाहेर, गोल. कुणाचं गाणं आहे ते नंतर.

म्हणून तुम्ही खाली दारापाशी जाता. तिथे एक कृष्णवर्णीय पोरगा, व्हिन्स लॉरेन्स, लोकांना जागा दाखवायच्या कामावर आहे. सिंथेसायझर घ्यायचा म्हणून पैसे साठवतोय. लोक आणून देतायत त्या रेकॉर्डी त्याच्या डोळ्यांपुढून जातायत आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आलीय, जी तो पुढे अनेकदा सांगणार आहे. यातल्या पुष्कळशा डिस्कोच्या नाहीतच. नुसत्या कृष्णवर्णीय गायकांच्या आहेत. तुम्ही वाकून बघता. स्टीव्ही वंडर. मार्व्हिन गे. ज्यांना खाली, भरी, लय, आवाज, कशावरूनच तुम्ही कधी नावं ठेवली नसतीत.

मागे धडाका होतो. मैदानात खड्डा पडतो, हजारो पोरं कुंपणावरून आत उतरतात, जाळपोळ, मग पोलीस. 39 जणांना अटक. दुसरा सामना होतच नाही, तो डेट्रॉइटला बहाल होतो. पुढे रेडिओ स्टेशनं डिस्को टाळू लागतात, बी जीजना त्याची झळ वर्षानुवर्षं बसते. लॉरेन्स मात्र सिंथेसायझर घेतो, आणि याच शहरात थोड्याच वर्षांत 'हाउस' नावाचं संगीत उभं राहतं त्यात त्याचा हात असतो. किक चारही मात्रांवर, आणि या वेळी खरंच यंत्राची.

धुरात तुम्ही तबकडी कोटाच्या आत सरकवता. आवडली म्हणून नव्हे. या लोकांच्या रांगेत आपलं नाव नको, एवढ्यासाठी. शिकागो आणि पिओरिया एकाच राज्यात आहेत, हे जाता जाता.

टक.

"काका? थांबू नका ना!"

हॉल. सतरंजी. उपम्यावरचं झाकण कुणीतरी उचललंय. गाणं अजून चालू आहे, मधलं हाकेचं कडवं संपून पुन्हा ठेक्यावर आलेलं. तुम्ही भानावर येता, खांदे हातांच्या बरोबर वर आणता आणि दाबायला लागता. टक, टक, टक, टक. लय पक्की. मुलगी खूश होते, बाकीच्यांना म्हणते, बघा, काका कसं करतायत. वहिनी कौतुकानं बघतात. तुम्हाला आता त्या फितीतली उंच पायरी बरोबर कळतेय, दर आठ मात्रांनी, तिथल्या तिथे. सव्वीस, सत्तावीस. बाहुल्याच्या छातीचा तो आवाज बायाँवर ओला हात पडावा तसा घुमतोय. तळहात गरम झालेत. समोर चार श्रोते आहेत. आणि हातांना सवय असते हो, त्यांना विचारून काही होत नाही. तिसाव्या दाबाला येता येता तुमच्याकडून एक छोटीशी तिहाई जाते. टकटक-टक, टकटक-टक, टकटक-टक.

हॉल हसतो. मुलगी नाही हसत.

"काका," ती म्हणते, "मध्ये काही घालू नका. एकसारखं."

अकरा वर्षांचे असताना गुरुजींनी पेटीचा भाता बंद करून हेच सांगितलं होतं, शब्द थोडे कडक होते. तुम्ही कान धरल्यासारखं करता, हात पुन्हा छातीच्या मधोमध ठेवता, आणि समेची वाट बघू लागता.

वाट कसली बघायची. ती आलेलीच असते.

टक.